माझी शंका, त्यांचा प्रॉब्लेम

पहिल्या तासाच्या शेवटी मी फळा पुसला, हात झटकले आणि सवयीने विचारलं, ‘‘एनी डाउट्स?’’

वर्गातले नऊही चेहरे एकदम गंभीर झाले. कोणी कोणाकडे बघेना. शेवटी पहिल्या बाकावरच्या, सत्तरीला टेकलेल्या बाईंनी धीर केला. दोन्ही हात हलवत म्हणाल्या, ‘‘नो, नो, लाओशी. वी बिलीव्ह यू.’’

लाओशी म्हणजे बाई, गुरुजी, सर, सगळंच. मी हसले, तेही हसले, आणि आपण का हसतोय हे दोन्ही बाजूंना कळलं नाही. बाहेर आले तर त्याच बाई माझ्या सायकलीपाशी उभ्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘लाओशी, आय हॅव अ प्रॉब्लेम.’’ माझ्या पोटात धस्स झालं. बाईंचं वय, बाहेर अंधार, ओळख जेमतेम तासाभराची. दुखणं, मुलगा, पैसे, सगळं एका दमात डोक्यातून गेलं. मी सायकल पुन्हा स्टँडवर लावली आणि म्हटलं, सांगा.

त्यांना ‘लेंड’ आणि ‘बॉरो’मधला फरक हवा होता.

हे शिन्चूमध्ये, तैवानच्या वायव्येला. १९८० साली इथे सायन्स पार्क उभं राहिलं आणि चिपांच्या कारखान्यांनी शहराचं नशीब पालटलं. नवरा त्या चिपांमागे इथे आला, मी नवऱ्यामागे. चिपांआधी हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जायचं, वारा आणि तांदळाच्या शेवया. हिवाळ्यात ईशान्येकडून असा कोरडा वारा सुटतो की त्यावर शेवया खडखडीत वाळतात. बांबूच्या ताटव्यांवर पसरलेल्या त्या शेवया पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी रस्त्यातच ओरडले होते, ‘‘अरे, हे तर शिरवाळे!’’ फरक इतकाच की हे लोक त्या डुकराच्या खिम्याबरोबर परततात, आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसाचं वर्णन केलं की काळजीने माझ्याकडे बघतात.

तर, आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीच्या हॉलमध्ये मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. पदरी सिंधुदुर्गातली मराठी शाळा, मुंबईतलं कॉलेज, आणि मोडकंतोडकं चिनी.

त्या रात्री कोश उघडून बसले तेव्हा उलगडा झाला. ‘डाउट’समोर चिनीत दिलं होतं ‘ह्वाय-ई’, म्हणजे संशय. नवी बाई पहिल्याच दिवशी विचारते, तुमच्यापैकी कोणाला माझा संशय येतो का? भले लोक, काय बोलणार? आमचा विश्वास आहे म्हणाले. शंका विचारायची, शंकेचं समाधान करून घ्यायचं, आणि त्या शंकेला इंग्रजीत ‘डाउट’ म्हणायचं, हे आपलं घरचं प्रकरण आहे. मुंबईच्या कॉलेजात ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणणारा मुलगा नम्र असतो. इंग्रजाच्या कानाला तो सरांवर अविश्वास दाखवतोय असं वाटतं.

आणि त्यांचा ‘प्रॉब्लेम’? चिनीत ‘वन्-थी’ म्हणजे प्रश्न आणि वन्-थी म्हणजेच अडचण. हे कळायला मला तरी उशीर व्हायला नको होता. परीक्षेतला तोही प्रश्न आणि उन्हाळ्यातल्या पाण्याचा तोही प्रश्नच, असं आपणही म्हणतोच की. आपला प्रश्न पडतो, उभा राहतो, पेटतो, चिघळतो, भिजत पडतो आणि फार झालं तर एखाद्या निवडणुकीआधी सुटतोसुद्धा. इंग्रजीतल्या ‘क्वेश्चन’च्या नशिबी एवढा संसार नाही.

म्हणजे मी डाउट म्हणत होते, ते प्रॉब्लेम म्हणत होते, आणि आम्हा दोघांनाही म्हणायचं होतं क्वेश्चन. पुस्तकात त्या आठवड्याचा धडा विमानतळाचा होता. मी तो बाजूला ठेवला आणि फळ्यावर लिहिलं, ‘आस्क’.

चिनी माणसाचं विचारणं एका अक्षरात मावतं. उच्चार ‘वन्’, सूर वरून खाली आपटणारा. अक्षराचं चित्र असं की दोन झडपांचं दार आणि दारात एक तोंड. दाराला ते ‘मन्’ म्हणतात. मराठी माणसाला यापुढे काय हवं? मन् म्हणजे दार, दारात तोंड उघडलं की वन्, म्हणजे विचारणं. मी भारावून जाऊन हे वर्गात सांगितलं, तर चिपांच्या कारखान्यातल्या एका तरुण अभियंत्याने माझं काव्य तिथल्या तिथे मोडलं. म्हणाला, लाओशी, दार अर्थासाठी नाही, आवाजासाठी आहे. ‘मन्’वरून ‘वन्’ आठवावं म्हणून. अर्थ फक्त तोंडात. मग माझं पडलेलं तोंड बघून त्याने उदारपणे भर घातली की त्याच दारात तोंडाऐवजी कान काढला, तर दुसरं एक वन् होतं. जुन्या भाषेत ऐकणं, आताच्या बोलीत वास घेणं.

आणि इथे सुरांचा घोळ सुरू होतो. सपाट उंच सुरातलं वन् म्हणजे ऊब. खालून वर चढणारं म्हणजे तो वास. खाली बुडी मारून येणारं म्हणजे चुंबन. आणि वरून खाली पडणारं म्हणजे विचारणं. नवीन असताना शिन्चूच्या स्टेशनवर, १९१३ सालची ती देखणी इमारत आहे तिथे, मी एका गणवेशातल्या कॉलेजकुमाराला थांबवून म्हणाले होते, ‘वो श्यांग वन् नी’. मला तुला एक विचारायचंय. अनोळखी माणसाशी बोलताना आवाज मऊ करावा ही आपली रीत. मी तो मऊ केला आणि सूर खाली बुडाला. मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि काही न बोलता त्याने स्टेशनमास्तरच्या खोलीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी फक्त ‘छिंग-वन्’ म्हणते, ‘विचारू का?’ या अर्थाचं. दोन शब्द मिळून घसरायला जागा ठेवत नाहीत.

या ‘वन्’ला पुढे-मागे दुसरं अक्षर जोडलं की विचारण्याच्या तऱ्हा तयार होतात. ‘श्युन्-वन्’ म्हणजे रीतसर चौकशी. ‘ज्र-वन्’ म्हणजे जाब विचारणं. ‘ज्वे-वन्’ म्हणजे पाठलाग करत विचारणं, आपण ज्याला खनपटीला बसणं म्हणतो ते. ‘शन्-वन्’ म्हणजे पोलिसी चौकशी. ‘वेइ-वन्’ म्हणजे पुरात घर गेलेल्याची, दवाखान्यात पडलेल्याची विचारपूस. ‘कू-वन्’, बघणं आणि विचारणं मिळून सल्लागार. आणि ‘श्युए-वन्’, शिकणं अधिक विचारणं, म्हणजे विद्वत्ता. मला यातलं सगळ्यात आवडतं ते शन्-वन्. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या एका जुन्या ग्रंथात विद्यार्थ्याने करायच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. भरपूर शिक, बारकाईने विचार, काळजीने चिंतन कर, नीट पारख, मग मनापासून आचर. त्यातलं ‘बारकाईने विचार’ म्हणजे हेच शन्-वन्. दोन हजार वर्षांत ते वर्गातून उठलं आणि पोलीस चौकीत जाऊन बसलं. शब्दांचीही बदली होते, आणि सगळ्यांनाच मनासारखं पोस्टिंग मिळत नाही.

इंग्रजी कोशात मात्र या एका वन्समोर नुसती रांग उभी असते. आस्क, क्वेश्चन, इन्क्वायर, क्वेरी, इंटरॉगेट. त्या अभियंत्याची गोष्ट इथलीच. परदेशी ग्राहकाने चाचणीचा अहवाल पाठवला होता, त्यातला एक आकडा याला कळला नाही. याने सरळ मनाने लिहिलं, ‘आय क्वेश्चन युवर डेटा.’ म्हणायचं होतं, तुमच्या आकड्यांबद्दल एक प्रश्न आहे. पोचलं ते असं की तुमचे आकडे मला मान्य नाहीत. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते याच्या साहेबाच्या साहेबाला. तो बिचारा अजूनही समजत होता की रांगेतून एक शब्द उचलला, ढिगातून बटाटा उचलावा तसा. ‘क्वेश्चन’ नाम असतं तोवर गरीब गाय असतं. क्रियापद झालं की शिंगं उगारतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी त्याला इंग्लंडची गोष्ट सांगितली. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला आणि पुढे दोन-तीनशे वर्षं दरबार फ्रेंचमध्ये बोलला, पोथ्या आणि कायदेकानून लॅटिनमध्ये राहिले, आणि स्वयंपाकघर, गोठा, शेत इंग्रजीत. म्हणून आजही आस्क चुलीपाशी आहे. क्वेश्चन बाहेरच्या बैठकीत खुर्चीवर बसलेलं आहे. इंटरॉगेटच्या तोंडावर दिव्याचा झोत मारलेला आहे. मग मी मराठी मांडलं. आपणही विचारतो घरात, चौकशी करतो कचेरीत, पृच्छा करतो अर्जात. आणि कोणी वरचढ असेल तर तो जाब विचारतो, ज्यातला जाब हा मूळचा अरबी ‘जवाब’. तिन्ही भाषांचे कोश हे सांगतच नाहीत. ते मध्ये बरोबरचं चिन्ह काढून मोकळे होतात. विचारणाऱ्या क्रियापदात प्रश्नापेक्षा जास्त भरलेलं असतं ते म्हणजे कोण उभा आहे आणि कोण बसलेला आहे.

हे सांगताना मला माझी शाळा आठवली. सातवीत असताना मी विचारलं होतं की ऋण संख्येला ऋण संख्येने गुणलं तर उत्तर धन का येतं. मास्तर वर्गाकडे वळून म्हणाले, ‘‘तोंड वर करून विचारते बघा!’’ वर्ग हसला. अजूनही मला त्याचं उत्तर सांगता येतं आणि अजूनही ते सांगताना मान थोडी खाली जाते. तैवानी वर्गात कोणी तोंड वर करत नाही, मास्तरांनी सांगावं लागत नाही. तास संपला की एकेक जण येऊन सायकलीपाशी थांबतो. आमच्याकडे हीच मंडळी दाराशी घुटमळली असती. फरक वाहनाचा.

खुद्द कन्फ्यूशियसलाही हा अनुभव आला होता म्हणतात. तो मोठ्या राजमंदिरात गेला आणि तिथल्या प्रत्येक गोष्टीबद्दल विचारत सुटला. कोणीतरी नाक मुरडलं की याला विधी येतात असं म्हणतं कोण, हा तर सगळंच विचारतो. त्यावर तो म्हणाला, हाच विधी आहे. माझ्या वर्गातल्या निवृत्त मुख्याध्यापकांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. त्यांनी ती मला अस्खलित सांगितली, आणि नंतर चार महिने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

त्यांनीच एक म्हण दिली, जी मी मराठीत आणायचा प्रयत्न सोडून दिला आहे. ‘मातीचं भांडं फोडून तळापर्यंत विचारणं.’ आपण म्हणतो खोदून खोदून विचारणं. पण भांड्याचा आणि विचारण्याचा संबंध काय? तर मातीच्या भांड्याला जाणाऱ्या चिरेलाही ‘वन्’च म्हणतात, सूरही तोच. भांडं फुटलं की चीर तळापर्यंत जाते. वन् तळापर्यंत, म्हणून विचारणं तळापर्यंत. असला श्लेष दुसऱ्या भाषेत नेला की फक्त खापऱ्या हाती राहतात. आपल्या ‘पुसणे’चं तसंच. संतांच्या अभंगातलं पुसणं, म्हणजे विचारणं, संस्कृतातल्या ‘पृच्छति’वरून घसरत आलेलं. फळा पुसणं त्याहून वेगळं, वेगळ्या धातूचं. आता पहिलं मुख्यतः ‘विचारपूस’मध्ये शेपटासारखं उरलंय. मी वर्गात दोन्ही सांगितली तेव्हा पहिल्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, म्हणजे मराठीत विचारलं की डाग जातो?

व्याकरणाच्या बाबतीत मात्र मी या लोकांना इंग्रजांपेक्षा जवळची निघाले. इंग्रज माणूस प्रश्न विचारायचा म्हटला की आख्खं वाक्य उलटंपालटं करतो. ‘यू आर कमिंग’चं ‘आर यू कमिंग’, आणि काहीच हाताशी नसेल तर कुठून तरी एक ‘डू’ आणून दारात उभा करतो. आपण काय करतो? तू येतोस. तू येतोस का? झालं. चिनीत ‘नी लाय’ म्हणजे तू येतोस, ‘नी लाय मा?’ म्हणजे येतोस का. आपला ‘का’, त्यांचा ‘मा’, आणि आमच्या मालवणीतला ‘काय’. येतलस काय? येतोस की नाही विचारायचं तर ते म्हणतात ‘लाय पू लाय?’, येतोस-नाही-येतोस. आणि तुझं नाव काय यातला ‘काय’ जिथल्या तिथे बसून राहतो, तसाच त्यांचाही. मी ‘का’ आणि ‘मा’ फळ्यावर शेजारी लिहिले तेव्हा वर्गात पहिल्यांदा टाळ्या पडल्या. भाषाशास्त्रज्ञ म्हणतील योगायोग. असेना.

पण म्हणूनच आमची चूकही सारखी. मोठ्या कष्टाने उलटापालट शिकलो की ती थांबवता येत नाही. ‘आस्क हिम व्हेअर इज द स्टेशन’ असं ते लिहितात, असंच माझा भाऊही लिहितो. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की इंग्रजी पुन्हा सुलट होते, ‘व्हेअर द स्टेशन इज’, हे शिकवायला मला दोन महिने लागले आणि अजूनही पाचातले दोघे उलटंच म्हणतात. वर मराठी माणूस ‘त्याला विचार’मधला ‘ला’ उचलून ‘आस्क टू हिम’ करतो. चिनी माणूस ही चूक सहसा करत नाही. प्रत्येकाच्या खिशात आपापले खडे.

आस्कची दुसरी खोड सगळ्यांनाच नडते. ते विचारतंही आणि मागतंही. आपण स्टेशन विचारतो आणि पाणी मागतो. चिनी माणसाचीही दोन वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रज मात्र ‘आस्क द वे’ म्हणतो आणि ‘आस्क फॉर वॉटर’ही म्हणतो, ‘आस्क हिम टू कम’ म्हणून माणसाला कामाला लावतो, आणि हल्ली ऑफिसांत तर ‘द आस्क’ असं त्याचं नामही झालंय, जे ऐकलं की माझ्या दातांखाली कचकच येते. कारण शोधायला गेले तर चकित झाले. आस्कचं जुनं मूळ आणि आपल्या ‘इच्छति’चं मूळ एकच. आस्क ही इच्छेची लांबची बहीण. मग विचारणं आणि मागणं हे तिच्या लेखी दोन नाहीतच. दोन्हीकडे काहीतरी हवंच असतं. आपलं विचारणं मात्र विचारातून आलंय. दुसऱ्याला विचार करायला लावणं. त्यामुळे मराठी माणसाने काही विचारलं की समोरचा विचारात पडतो आणि उत्तर देत नाही, असं माझा नवरा म्हणतो. तो स्वतः याचं जिवंत उदाहरण आहे.

‘वंडर’ शिकवायला गेले तेव्हा वर्ग बंड करायच्या बेतात होता. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ अशी सुरुवात अभियंत्याच्या मेलमध्ये रोज येते. तो म्हणाला, लाओशी, हा माणूस काल मनात नवल करत होता. मग आज मी काय करू? तुम्हाला हसू येईल, पण ही चांगली शंका आहे. (बघा, पुन्हा शंका.) मी त्याला सांगितलं की मराठीतही असंच चालतं. दुकानदाराला आपण म्हणतो, ‘जरा विचारायचं होतं’. होतं, म्हणजे आता नाही का? आता आहेच, पण भूतकाळात ठेवलं की समोरच्याच्या अंगावर येत नाही. चिनी क्रियापदाला काळच नसतो. बिचाऱ्यांना प्रश्न मागे ढकलायला काल नावाची जागाच नाही, म्हणून ते पुढे ‘छिंग’ लावून वाकतात. ग्रिल, पम्प, प्रोब यांना मी एका तासात उरकलं. माणसाला जाळीवर भाजा, हापसा मारून त्याच्यातून माहिती काढा किंवा त्याच्यात सळई घाला. निवृत्त नर्सबाईंना प्रोब आधीच ठाऊक होतं.

या नर्सबाई म्हणजेच पहिल्या बाकावरच्या, विश्वास ठेवणाऱ्या. इथे त्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात, मावशी या अर्थाने. मी पहिल्यांदा हाक मारली तेव्हा जीभ आपोआप ‘आई’ म्हणाली आणि कोणाला फरक कळला नाही. आयींचा मुलगा अमेरिकेत. नात नऊ वर्षांची, तिला फक्त इंग्रजी येतं. दर रविवारी सकाळी फोनवर तिचा चेहरा येतो आणि आयी विचारतात, ‘‘डिड यू ईट?’’ ती म्हणते, ‘‘येस.’’ मग दोघी एकमेकींकडे बघत बसतात.

तैवानी बोलीत ‘च्या-पा-ब्वे?’ म्हणजे पोटभर जेवलास की अजून नाही? हा प्रश्न नसून नमस्कार आहे, आपल्या ‘जेवलात का?’सारखा. इंग्रजीत तो कपडे काढून उभा राहतो. नुसता पोटाबद्दलचा प्रश्न, ज्याचं उत्तर एका शब्दात संपतं. आयी माझ्या वर्गात आल्या त्या यासाठी. त्यांना क्रियापदं नको होती, असा प्रश्न हवा होता ज्याला ‘येस’ म्हणून सुटता येणार नाही.

चिनीत चार अक्षरांचा एक वाक्प्रचार आहे, ‘पू वन् पू वन्’. पहिलं वन् कानाचं, दुसरं तोंडाचं. ऐकत नाही, विचारत नाही. म्हणजे एखाद्याची काडीची फिकीर न करणं. आयींनी तो एकदा सहज वापरला. म्हाताऱ्या माणसाचं असंच, पू वन् पू वन्. मी म्हणाले, आमच्याकडे म्हणतात, ‘मला कोण विचारतो?’ हे त्यांना फार पटलं. इंग्रजीत कसं म्हणायचं, म्हणाल्या. मी ‘नोबडी आस्क्स मी’ लिहिलं आणि लगेच पुसलं. ते इंग्रजी झालंच नाही. मग ‘आस्क आफ्टर’ सांगितलं, एखाद्याची खुशाली विचारणं. आयींनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, जेवणानंतर विचारणं?

‘व्हाय’ने सुरू होणारे प्रश्न त्यांनी नातीवर चालवून बघितले, मुलगी उलटतपासणी झाल्यासारखी गप्प झाली. ‘व्हॉट इफ’ने मात्र काम केलं. व्हॉट इफ तुझी मांजर बोलायला लागली तर? पुढच्या रविवारी पंचवीस मिनिटं फोन. त्यातलं निम्मं आयींना कळलं नाही. मला म्हणाल्या, शी आस्क मी मेनी प्रॉब्लेम. मी दुरुस्त केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नवऱ्याच्या कराराची मुदत भरत आली. पुढे काय करायचं यावर घरात रोज बोलणं, रोज वाद. आयींना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी काढून घेतलंच. चाळीस वर्षं दवाखान्यात पेशंटांच्या पोटातलं काढलेली बाई. म्हणाल्या, चल, छंग-हुआंगला विचारू.

छंग-हुआंग म्हणजे शहराचा देव. शिन्चूमधलं त्याचं देऊळ १७४८ सालचं, आणि त्याला चहूबाजूंनी खाण्याच्या गाड्यांनी असं वेढलंय की उदबत्त्यांचा धूर आणि मांसाच्या गोळ्यांच्या सुपाची वाफ एकमेकांत मिसळून जाते. हा देव मुळात न्यायाधीश. मेलेल्या माणसाची झडती तो घेतो, म्हणजे आमच्या वर्गाच्या भाषेत इंटरॉगेट करणारा. ताइनान शहरातल्या याच देवाच्या देवळात एक प्रसिद्ध फलक आहे, त्यावर फक्त तीन चिनी अक्षरं आहेत, अर्थ ‘तू आलास.’ आणि असल्या देवाला जिवंत माणसं रोज जाऊन विचारतात, मुलगा पास होईल का, घर घेऊ का.

विचारायचं कसं, तर हातात दोन लाकडी चंद्रकोरी घ्यायच्या. एक बाजू सपाट, एक फुगीर. आधी देवाला नाव, जन्मतारीख, पत्ता सांगायचा, मग प्रश्न, मग कोरी जमिनीवर टाकायच्या. एकीची सपाट आणि एकीची फुगीर बाजू वर आली तर होकार. दोन्ही फुगीर तर नकार. दोन्ही सपाट पडल्या तर देव हसला. प्रश्न नीट नाही, पुन्हा विचार.

मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात देवाला कौल लावतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि श्वास रोखून बसायचं. उजवीकडची पडली तर उजवा कौल, डावीकडची पडली तर डावा. माझ्या लग्नाचाही कौल लावला होता. उजवा मिळाला होता, असं आई सांगते. बाबा त्या विषयावर बोलत नाहीत. हे जे करतो त्याला इंग्रजीत ‘आस्क’ चालत नाही, ‘कन्सल्ट’ लागतं, हे मी आयींना वाटेत सांगितलं. डॉक्टर, वकील, कोश आणि देव यांना कन्सल्ट करतात. आयी म्हणाल्या, फी घेतात ते सगळे.

कोरी हातात घेतल्या आणि पंचाईत झाली, कुठल्या भाषेत? माझ्या चिनीवर माझा भरवसा नव्हता, स्टेशनवरचा मुलगा आठवला, आणि हा तर देव. इंग्रजी इथे शोभेना. शेवटी तोंडातून आपसूक मालवणी आलं. बा देवा म्हाराजा. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. पत्ता सांगताना मागून आयी कुजबुजल्या, गल्लीचा नंबर, गल्लीचा नंबर राहिला. तो सांगितला. मग विचारलं, आमी हयसरच रवाचा की गावाक जावचा, ता सांग रे म्हाराजा.

कोरी पडल्या. दोन्ही सपाट.

देव हसला. आयीही हसल्या. काय विचारलंस, म्हणाल्या. मी इंग्रजीत सांगितलं, ‘‘आय आस्क्ड, शुड वी स्टे हिअर ऑर गो बॅक?’’

आयींनी दोन बोटं वर केली. ‘‘टू क्वेश्चन्स, लाओशी. ही कॅन्ट. ही ओन्ली हॅव येस अँड नो.’’ आणि मग, वहीत लिहून घेतलेलं आठवून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, ‘‘यू टीच अस. यू नीड मा.’’

माझ्या मागे नऊ-दहा माणसं रांगेत उभी होती. मी वाकून कोरी उचलल्या, पुन्हा नाव सांगितलं, तारीख सांगितली, या वेळी गल्लीच्या नंबरासकट पत्ता सांगितला, आणि वाक्याच्या शेवटी ‘काय’ लावला.